व्हल्कन शिकायचंय, पण नेमकं काय वाचू? शिरोलीतल्या एका तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) विभागात काम करणाऱ्या तरुणाला कास्टिंगची थ्रीडी मॉडेल्स दाखवणारा व्ह्यूअर स्वतः लिहायचा आहे. ऑफिसात विंडोज, शॉपफ्लोअरवर एक लिनक्सचं मशीन आणि सुपरवायझरच्या हातात अँड्रॉइड टॅबलेट, तिन्हीकडे तोच प्रोग्राम चालला पाहिजे. त्याला सी++ येतं. त्याने चार गोष्टी विचारल्यात: ओपनजीएल घेऊ की व्हल्कन (प्रोग्रामने ग्राफिक्स चिपला काम सांगायचे हे दोन इंटरफेस), एवढ्या ढीगभर साहित्यातलं नेमकं काय वाचू, पडद्यावर मराठी लेबलं तुटकी का दिसतात, आणि भारी ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल का.

मित्रा, पुस्तक उघडायच्या आधी कारखान्यात एक फेरी मार आणि प्रत्येक मशीनचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप वहीत लिहून घे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही जा, ऑफिसातले कॉम्प्युटर टॅलीपुरते घेतलेले असतात आणि बंद पडेपर्यंत बदलत नाहीत. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी विंडोजवर व्हल्कनचा अधिकृत ड्रायव्हरच नाही; तो सहाव्या पिढीपासून सुरू होतो. त्या जुन्या मशीनवर ओपनजीएल ३.३ मात्र निवांत चालतं. टॅबलेटचंही तसंच. अँड्रॉइडमध्ये व्हल्कन आलं ते ७.० पासून, पण तुझ्या टॅबलेटचा ड्रायव्हर कंपनीने दिला तेवढाच राहतो, त्यामुळे २०१९-२० च्या सुमाराचे बरेच टॅबलेट व्हल्कन १.१ वरच थांबलेत. कुठल्या चिपवर कुठली आवृत्ती, कुठली एक्स्टेन्शन्स आणि कमाल मर्यादा किती, हे लोकांनी आपापल्या मशीनवरून पाठवलेल्या माहितीतून एका खुल्या डेटाबेसमध्ये साठवलेलं आहे. त्याचं नाव व्हल्कन हार्डवेअर डेटाबेस. वहीतली प्रत्येक चिप तिथे शोध. पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

उरलेलं निम्मं वेळेवर ठरतं. दोन महिन्यांत मालकांना चालता व्ह्यूअर दाखवायचा असेल तर ओपनजीएल ३.३ घे आणि टॅबलेटवर ओपनजीएल ईएस ३.०. एक मॉडेल फिरवणं, कापून आत बघणं, मापं दाखवणं यासाठी ते पुरेसं आहे. १९९२ पासून चालत आलेल्या या इंटरफेसला २०१७ च्या ४.६ नंतर नवी आवृत्ती आलेली नाही, ॲपलने तर २०१८ मध्येच तो मोडीत काढायचं जाहीर केलं. पण विंडोज आणि लिनक्सवरचे ड्रायव्हर इतक्यात कुठे जात नाहीत. याच कामात पुढे जायचं असेल, म्हणजे गेम, सीएडी, सिम्युलेशन, यंत्रांसाठीचे डिस्प्ले असं काही, तर व्हल्कन शिकच. फेब्रुवारी २०१६ मध्ये १.० आलं, डिसेंबर २०२४ मध्ये १.४. क्रोनोस ग्रुप हा उद्योगांचा संघ ते सांभाळतो, आणि स्पेसिफिकेशन (अधिकृत नियमावली), हेडर, कन्फॉर्मन्स टेस्ट, सगळं खुलं आहे. ब्राउझरमध्ये चालवायचं असेल तर वेबजीपीयू हा तिसरा रस्ता आहे, क्रोममध्ये तो २०२३ पासून आहे. पण तुझी गरज ती दिसत नाही.

तू व्हल्कन घेतोयस असं धरून पुढचं सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचा सूर तोच आहे.

साहित्य कमी नाही, उलट फार आहे. अडचण अशी की ते वेगवेगळ्या वर्षांचं आहे आणि ते वर्ष वरवर पाहून कळत नाही. २०१६ मध्ये लिहिलेला धडा आणि २०२४ मधला धडा शेजारी ठेवलेस तर एकाच इंटरफेसबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसणार नाही. जुन्या पद्धतीत आधी रेंडर पास (चित्र कुठे आणि कसं काढायचं याचा आराखडा) बांधायचा, मग त्याला फ्रेमबफर जोडायचे, मग पाइपलाइनला तो रेंडर पास दाखवायचा. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या १.३ ने डायनॅमिक रेंडरिंग गाभ्यात घेतलं आणि हा सगळा पसारा ऐच्छिक झाला. त्याच आवृत्तीत सिंक्रोनायझेशन-टू आलं, त्याने बॅरियर (एक काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी सूचना) लिहिणं कितीतरी सरळ केलं. १.२ ने टाइमलाइन सेमाफोर (सेमाफोर म्हणजे ‘हे काम झालं’ असं कळवणारी खूण) आणि बफर डिव्हाइस ॲड्रेस दिले. म्हणून कुठलाही धडा, व्हिडिओ किंवा गिटहबवरचा कोड हाती घेतलास की आधी ॲप्लिकेशन इन्फोमध्ये एपीआय व्हर्जन, म्हणजे व्हल्कनची आवृत्ती, काय दिलंय ते बघ, आणि रेंडर पास तयार करणारं फंक्शन शोध. सापडलं तर तो कोड चुकीचा ठरत नाही, फक्त जुन्या घरचा आहे हे ध्यानात ठेवून वाच. १.१ वर अडकलेल्या टॅबलेटसाठी तुला तीच जुनी पद्धत लागणार आहे, तेव्हा ती टाकाऊ समजू नकोस. पण शिकताना पहिल्यांदा नवी शिक.

बहुतेक जण ज्या ‘व्हल्कन ट्युटोरियल’वरून शिकले, ते मूळ जुन्या पद्धतीचं आहे. क्रोनोसने ते हाती घेऊन आपल्या दस्तऐवजांच्या साइटवर नव्याने मांडलंय: डायनॅमिक रेंडरिंगसह आणि शेडरसाठी (ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी) स्लँग भाषा वापरून. तेच घे. मूळ आवृत्तीवरून शिकलेल्या कोडमध्ये एक गोष्ट हमखास आढळते: चित्र पडद्यावर पाठवताना वापरायचा सेमाफोर त्यात दर ‘फ्रेम इन फ्लाइट’मागे (एका वेळी तयार होत असलेल्या फ्रेममागे) एक असतो. तो स्वॅपचेनच्या (पडद्यावर आळीपाळीने जाणाऱ्या इमेजच्या संचातल्या) प्रत्येक इमेजमागे एक हवा, नाहीतर प्रेझेंट (पडद्यावर दाखवणं) अजून त्याच्यावर थांबलेलं असतानाच तू तो पुन्हा वापरायला काढतोस. बहुतेक मशीनवर चित्र तरीही नीट दिसतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. आता व्हॅलिडेशन लेयर त्यावर स्पष्ट तक्रार करतो.

या व्हॅलिडेशन लेयरबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कोल्हापुरात बसून शिकणाऱ्याला शेजारी विचारायला जाणकार माणूस मिळणं अवघड, आणि त्या माणसाचं काम हा लेयर करतो. व्हल्कनचा ड्रायव्हर तुझ्या चुका तपासत नाही. वेगासाठी मुद्दामच तसं ठेवलंय. चुकीचा पॉइंटर दिलास तर तो घेतो. पुढे पडदा काळा होईल, किंवा एनव्हिडियावर चालेल आणि मालीवर (टॅबलेटमधल्या आर्मच्या ग्राफिक्स चिपवर) कोसळेल. लनारजी कंपनीचा एसडीके (प्रोग्राम लिहायच्या साधनांचा संच) विंडोज, लिनक्स आणि मॅकसाठी फुकट मिळतो आणि त्यातच हा लेयर येतो. चालू केलास की तुझा प्रत्येक कॉल स्पेसिफिकेशनशी ताडून बघतो आणि चूक दिसली की नियमाच्या ओळखक्रमांकासकट सांगतो. तो क्रमांक उचलून स्पेसिफिकेशनमध्ये शोधायचा. तिथे मूळ नियम सापडेल, आणि त्याच्या वरच्या दोन परिच्छेदांत तो का आहे हेही. माझ्या मते स्पेसिफिकेशन वाचायची खरी रीत हीच. पहिल्या पानापासून वाचायला बसलास तर आठवड्यात सोडून देशील. चूक झाली, नियम गाठला, आजूबाजूचं वाचलं, असं सहा महिने केलंस तर निम्मं स्पेसिफिकेशन डोक्यात बसलेलं असेल.

एसडीकेसोबत व्हल्कन कॉन्फिगरेटर नावाचा छोटा प्रोग्राम येतो. त्यातून कोडला हात न लावता लेयर चालू-बंद करता येतो आणि तपासणीचे प्रकारही निवडता येतात. नेहमीची तपासणी कायम चालू ठेव. सिंक्रोनायझेशनची तपासणी वेगळी चालू करावी लागते, आणि नव्वद टक्के लोक ती करतच नाहीत असा माझा अनुभव आहे. ती कर. व्हल्कनमध्ये माणसं अडकतात ती इथेच. तू जीपीयूला (ग्राफिक्स चिपला) चार कामं एकामागून एक दिलीस म्हणून ती त्याच क्रमाने संपतील असं नाही. टेक्स्चर भरणारं काम अजून सुरू असताना त्यातून वाचणारा शेडर सुरू होऊ शकतो. तुमच्या भाषेत, कोअर बसायच्या आधीच मोल्डमध्ये मेटल ओतल्यासारखं. बॅरियर लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: आधीचं कुठलं काम कुठल्या टप्प्यापर्यंत संपायला हवं, नंतरचं कुठल्या टप्प्यापाशी थांबायला हवं, आणि मधल्या काळात इमेजचा लेआउट काय होता आणि काय व्हायला हवा. उत्तर येत नाही म्हणून सगळीकडे ‘ऑल कमांड्स’ लिहिणारे बरेच आहेत. पहिल्या आठवड्यात तसं चालेल. पुढे एकेक बॅरियर घेऊन आवळत जा, आणि दर वेळी सिंक्रोनायझेशनची तपासणी गप्प आहे ना ते बघ.

दुसरं हत्यार रेंडरडॉक. एक फ्रेम पकडायची आणि ती आतून उघडून बघायची: कुठल्या ड्रॉ कॉलमध्ये काय काढलं गेलं, व्हर्टेक्स शेडरमधून बिंदू कुठे गेले, या पिक्सेलवर कुणी कुणी रंग टाकला. पडदा काळा आला तर अंदाजाने कोड बदलत बसू नकोस, आधी फ्रेम पकड. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड तिन्हीवर चालतं. बफर, इमेज, पाइपलाइन, सगळ्यांना डीबग युटिल्समधून नावं दे. तीच नावं व्हॅलिडेशनच्या संदेशात आणि रेंडरडॉकमध्ये दिसतात. नुसते आकडे बघून डोकं पिकतं. वेग मोजायला एनव्हिडियाचं एनसाइट, एएमडीचं रेडिऑन जीपीयू प्रोफायलर आणि मालीच्या टॅबलेटसाठी आर्मची साधनं आहेत, पण ते नंतर.

कोड कुणाचा वाचायचा? क्रोनोसचा व्हल्कन सॅम्पल्स हा संग्रह, आणि साशा विलेम्स यांची उदाहरणं. दोन्हींत एका उदाहरणात एकच विषय असतो. संपूर्ण गेम इंजिनचा कोड उघडून शिकू नकोस, तिथे एका त्रिकोणापर्यंत पोचायला वीस फाइली ओलांडाव्या लागतात. काही लायब्ररी पहिल्या दिवसापासून घे, त्यात कमीपणा नाही: खिडकी आणि इनपुटसाठी एसडीएल, कारण ते अँड्रॉइडवरही चालतं; सुरुवातीची जुळवाजुळव करायला व्हीके-बूटस्ट्रॅप; आणि मेमरीसाठी एएमडीचा व्हल्कन मेमरी ॲलोकेटर. हा शेवटचा तर घेच. प्रत्येक बफरला स्वतंत्र मेमरी मागत गेलास तर मर्यादेला धडकशील. ड्रायव्हरने एका वेळी किमान ४०९६ वाटपं द्यावीत एवढंच स्पेसिफिकेशन बांधील करतं, आणि काही ड्रायव्हर तेवढीच देतात. शिवाय ऑफिसातल्या इंटेल चिपला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ती रॅमच वापरते, त्यामुळे तिथे डेटा दोनदा हलवायची गरज नसते. हे भेद ॲलोकेटर सांभाळतो.

आता तुझ्या कामातली खास गोष्ट. पॅटर्नच्या फाइली एसटीएलमध्ये (आकार त्रिकोणांनी साठवणारा फाइल प्रकार) येणार. बायनरी एसटीएलची रचना सोपी आहे: ८० बाइटचं हेडर, ४ बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या, मग प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. २० लाख त्रिकोणांचं कास्टिंग म्हणजे साधारण १०० एमबी. यात प्रत्येक त्रिकोण आपले तिन्ही बिंदू स्वतःजवळ ठेवतो, शेजारच्याशी वाटून घेत नाही. ते तसंच जीपीयूला दिलंस, प्रत्येक बिंदूला नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते) लावून, तर ६० लाख बिंदू गुणिले २४ बाइट, म्हणजे १४४ एमबी. सारखे बिंदू एकत्र केलेस तर बंद पृष्ठभागात बिंदू त्रिकोणांच्या निम्मे उरतात: १० लाख बिंदूंचे १२ एमबी आणि ६० लाख इंडेक्सचे २४, मिळून ३६ एमबी. टॅबलेटवर हा चौपट फरक जाणवतोच. इंडेक्स ३२ बिटचा ठेव, १६ बिटमध्ये इतके बिंदू बसत नाहीत. नंतर मेशऑप्टिमायझर लायब्ररीतून क्रम लावून घे.

मग नॉर्मल कुठून आणायचे? या कामात ते साठवायची गरजच नाही. फ्रॅगमेंट शेडरमध्ये बिंदूच्या स्थानाचं आडवं आणि उभं डेरिव्हेटिव्ह घे, दोघांचा क्रॉस प्रॉडक्ट काढ, त्रिकोणाचा नॉर्मल हातात. पृष्ठभाग पैलूदार दिसेल, पण पॅटर्नवाल्याला तेच हवं असतं. धार कुठे आहे, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) कुठे आहे ते स्वच्छ दिसतं. फक्त व्हल्कनमध्ये पडद्याचा वाय अक्ष खाली जातो, ओपनजीएलमध्ये वर, म्हणून चिन्ह उलटं येऊ शकतं. मॉडेल आतून उजळलेलं दिसलं तर आधी हे तपास. खोलीसुद्धा व्हल्कनमध्ये ० ते १ असते, ओपनजीएलमध्ये उणे १ ते १. जीएलएम ही गणिताची लायब्ररी वापरत असशील तर त्याला ते सांगावं लागतं. आणि एसटीएलमध्ये एकक लिहिलेलं नसतं. मिलिमीटर की इंच, हे वापरणाऱ्याला विचारूनच मापं दाखव, कारण तिथे चूक झाली तर पुढे धातू वाया जातो.

व्ह्यूअर हा गेम नव्हे. कुणी मॉडेल हलवलं तरच नवी फ्रेम काढ, एरवी थांबून राहा. टॅबलेट गरम होणार नाही आणि बॅटरी शिफ्टभर पुरेल. टॅबलेटचे जीपीयू पडद्याचे छोटे तुकडे करून एकेक तुकडा चिपच्या आतल्या मेमरीत रंगवतात. म्हणून फ्रेमच्या सुरुवातीला जुनं चित्र वाचून आणायला लावू नकोस, ‘क्लिअर’ सांग. आणि डेप्थ बफर (प्रत्येक पिक्सेलच्या खोलीची नोंद) शेवटी परत लिहायला लावू नकोस, ‘डोन्ट केअर’ सांग. दोन शब्दांचा बदल आहे, पण मेमरीवरचा मोठा भार वाचतो.

मराठी लेबलांचा प्रश्न तू विचारलास याचा मला फार आनंद झाला. भट्टीशी उभा राहणारा माणूस मराठी वाचतो, आणि आपण त्याला मोडकी अक्षरं दाखवणं बरं नव्हे. तू डिअर इमगुई वापरतोयस असं दिसतं. चांगली लायब्ररी आहे, पण ती युनिकोडचा एक कोड म्हणजे पडद्यावरची एक आकृती असं धरून चालते. इंग्रजीला ते पुरतं. देवनागरीत ‘किंमत’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते क नंतर आणि काढायची असते क च्या आधी. ‘पॅटर्न’मधला र साठवला जातो न च्या आधी आणि रफार होऊन बसतो न च्या डोक्यावर. ‘कोल्हापूर’मधला ल् आणि ह जोडून यायला हवेत. ही मांडणी ठरवायच्या कामाला शेपिंग म्हणतात आणि त्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी आहे. तिला मजकूर आणि फॉन्ट दे, ती ग्लिफचे (फॉन्टमधल्या आकृत्यांचे) क्रमांक आणि त्यांच्या जागा देते. ते ग्लिफ फ्रीटाइपने रंगवून एका टेक्स्चरमध्ये साठव आणि तिथून चौकोन काढ. महत्त्वाचं एवढंच की टेक्स्चरमधला शोध ग्लिफच्या क्रमांकाने कर, अक्षराच्या कोडने नको, कारण अर्धा ल किंवा रफार यांना स्वतःचा युनिकोड कोडच नसतो. तुझी लेबलं ठरावीक असतील तर त्यांची मांडणी प्रोग्राम सुरू होतानाच करून ठेव. फॉन्टसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता घे, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. अक्षर मोठं ठेव. शॉपफ्लोअरवर टॅबलेट हातभर अंतरावरून बघतात आणि काचेवर धूळ असते.

आणखी एक सवय लाव. प्रोग्राम सुरू झाला की चिपचं नाव, एपीआय आवृत्ती आणि ड्रायव्हर आवृत्ती एका लॉग फाइलमध्ये लिहून ठेव. कागलहून फोन येईल की ‘चालत नाही’, तेव्हा त्या तीन ओळींवरून बरंच कळतं. विंडोजवर जीपीयू सुमारे दोन सेकंदांपेक्षा जास्त एकाच कामात अडकला तर सिस्टिम ड्रायव्हरच रीसेट करते आणि तुझ्या प्रोग्रामला ‘डिव्हाइस लॉस्ट’ मिळतं. तेव्हा प्रचंड मॉडेल एका दमात काढू नकोस, तुकडे पाड.

राहता राहिला कार्डाचा प्रश्न. शिकायला नवं कार्ड नको. लिनक्सवर मेसा या खुल्या ड्रायव्हर-संचातला लाव्हापाइप हा ड्रायव्हर अख्खं व्हल्कन प्रोसेसरवरच चालवतो. मंद आहे, पण धडे गिरवायला आणि व्हॅलिडेशनचे संदेश वाचायला पुरतो, आणि जिथे जीपीयूच नाही अशा मशीनवर टेस्ट चालवायलाही कामी येतो. पैसे खर्च करायचेच असतील तर कार्डाऐवजी तुमच्या सुपरवायझरकडे आहे त्याच मॉडेलचा एक जुना टॅबलेट विकत घे आणि घरच्या टेबलावर ठेव. लॅपटॉपवर त्रिकोण दिसला की त्याच संध्याकाळी तो टॅबलेटवरही चालवून बघ. व्हॅलिडेशनचा एखादा संदेश समजला नाही तर तो जसाच्या तसा, नियमाच्या क्रमांकासकट पाठव, आणि जमलं तर रेंडरडॉकची पकडलेली फ्रेमही जोड. मी बघून सांगेन.